चार नंबरला हात लावायचा नाही

आमच्या बस डेपोत माझ्या पाठीमागे मला खवटबाई म्हणतात. मला ते माहीत नाही, अशी सगळ्यांची समजूत आहे. सत्तावीस वर्षं मी इथल्या इंधनाच्या टाक्या सांभाळते. किल्ल्या हातात असलेल्या माणसाने सगळ्यांशी गोड बोलायचं ठरवलं, तर चार दिवसांत टाक्यांचे तळ दिसतील. त्यामुळे त्या नावाचं मला कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटायचं.

टाक्या चार आहेत, चारही जमिनीखाली आडव्या निजलेल्या. पहिल्या तिघींतून रोज साठ बस भरतात. चौथी राखीव. तिच्या मोठ्या झाकणाला तार आणि शिशाचं सील, आणि शेजारच्या भिंतीवर माझ्याच हाताने लाल रंगात लिहिलेलं: 'राखीव. हात लावायचा नाही.' आत चाळीस हजार लिटर, म्हणजे साठ गाड्यांना दहा दिवस. हा दहाचा आकडा मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आला असता.

त्या सोमवारी बंदराच्या तोंडाशी एक जहाज आडवं रुतलं आणि तेलाची जहाजं त्याच्यामागे खोळंबून राहिली. वाट मोकळी व्हायला बारा दिवस लागतील असं कळलं. अकरा वाजता नगर कार्यालयातून फोन आला.

"बाई, तुमच्याकडे राखीव किती दिवसांचं आहे?"

"दहा. आणि बाकीच्या टाक्यांत तीन."

"जरा वही बघून सांगता का?"

"वही मी लिहिते हो. वहीला मी सांगते, वही मला सांगत नाही. दहा आणि तीन, तेरा."

दुपारी रेडिओवर सांगितलं की शहरातल्या बस नेहमीसारख्या चालतील, तेरा दिवसांचा साठा आहे, कोणी घाबरू नये. माझं नाव काही घेतलं नाही, पण आकडा माझाच होता. मी कॅन्टीनमध्ये जरा ताठ बसून जेवले.

मंगळवारी सकाळी व्यवस्थापक साहेबांची सही घेऊन मी चार नंबरचं सील तोडलं. पहिली भरली ती बारा नंबरची गाडी. टेकडीवरच्या इस्पितळाला जाणारी. तासाभराने बारा नंबरचा ड्रायव्हर पायी परत आला. गाडी अर्ध्या चढावर बंद पडली होती आणि आतली माणसं उरलेला चढ चालत गेली होती, कोणी हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन, कोणी कोणाच्या खांद्याला धरून. ड्रायव्हरच्या हातात फडक्यात गुंडाळलेला इंधनाचा फिल्टर होता. त्याने तो वर्कशॉपच्या टेबलावर ठेवला. फिल्टर काळ्या बुळबुळीत थराने गच्च भरला होता, नाल्याच्या कडेच्या दगडासारखा.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. "सांगत होतो मी," ते म्हणाले, "तळणीच्या तेलावर कुठे बस चालतात का?"

याचा खुलासा करायला हवा. दोन वर्षांपूर्वीपासून आमच्या इंधनात पाचात एक भाग बायोडिझेल असतं; चार नंबरही तेव्हाच त्या मिश्रणाने भरली. खाणावळी, वसतिगृहं, इस्पितळाचं स्वयंपाकघर, इथलं वापरून झालेलं तळणीचं तेल गोळा करायचं आणि त्याचं इंधन करायचं, असा एक छोटा कारखाना शहराबाहेर आहे. तिथली मुख्य रसायनतज्ज्ञ माझी सख्खी भाची. बाहेरून येणाऱ्या तेलावर सगळा भरवसा ठेवू नये, थोडं घरचंही असावं, म्हणून नगर कार्यालयाने ते घ्यायचं ठरवलं. मी तेव्हा पुष्कळ नाक मुरडलं होतं. पण गाड्या बिनतक्रार चालल्या, धूर कमी झाला आणि मी गप्प बसले. कबूल करायची मला सवय नाही.

तेवढ्यात कॅन्टीनचे आचारीकाका चहाची किटली घेऊन आले. त्यांनी किटली ठेवली, फिल्टरवर वाकले, आणि पातेल्याचं झाकण उघडून बघावं तसा वास घेतला.

"खवट," ते म्हणाले.

ड्रायव्हर छताकडे बघायला लागला.

"कोण?" मी विचारलं.

"तेल हो, बाई. तेल खवट झालंय. चाळीस वर्षं कढईपुढे उभा आहे, मला वास कळायचा नाही होय?"

"डिझेल खवट होत नाही," साहेब म्हणाले.

साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. मीही तेच म्हणाले असते. डिझेल वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, म्हणून तर राखीव टाकी ही कल्पना निघाली. पण आचारीकाकांचं नाकही काही खोटं बोलत नव्हतं. मी फिल्टर उचलून स्वतः हुंगला. डिझेलच्या उग्र वासाच्या मागे, खूप मागे, बंद घरातल्या बरणीचा वास होता. मला भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण तिच्या आधी एक वेगळीच गोष्ट झाली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या टाकीत मला माहीत नसलेलं काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे मला बघायचं होतं.

"एक, दोन, तीन मधून गाड्या भरा," मी म्हणाले. "चार बंद. आणि भाचीला फोन लावते."

"लावा," साहेब म्हणाले. "पण मला पाच वाजेपर्यंत नगर कार्यालयाला अहवाल द्यायचाय. नेमकं काय झालं, आणि दोष कोणाचा."

भाची स्कूटरवर आली, मागे खोक्यात बाटल्या खडखडत होत्या. तिने मला "आत्या, जेवलीस का?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोरीला बांधलेली पितळी बाटली चार नंबरच्या तळापर्यंत सोडली. वर आल्यावर तिने ती काचेच्या बरणीत ओतली, बरणी कठड्यावर उन्हात ठेवली आणि म्हणाली, "आता दहा मिनिटं काही करायचं नाही. नुसतं बघायचं."

दोघी कठड्याशी उकिडव्या बसलो. आधी सगळं गढूळ होतं. मग हळूहळू वेगळं व्हायला लागलं. वर मधाच्या रंगाचं इंधन. खाली पाणी. आणि दोघांच्या मधे, जिथे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, तिथे एक करडी, सुरकुतलेली साय.

"ही काय?"

"जिवंत आहे ती," भाची म्हणाली. "बुरशी, जंतू, सगळं गणगोत. राहतात पाण्यात आणि जेवतात इंधन. नुसत्या डिझेलवर त्यांचं फारसं भागत नाही. आमच्या इंधनावर ताव मारतात. ते तेलापासूनच केलेलं ना, त्यांना पचायला सोपं."

"म्हणजे टाकीत पंगत बसली होती म्हण की."

"दोन वर्षं. पण आत्या, पाणी नसेल तर पंगत बसत नाही. यांना राहायला पाणी लागतं. ते कुठून आलं?"

"माझ्या टाकीत पाणी नाही," मी म्हणाले. बरणीत बोटभर पाणी समोर दिसत असताना म्हणाले. सवय वाईट असते.

भाचीने वही मागितली. मी रोज सकाळी सात वाजता चारही टाक्यांत पितळी मोजकाठी सोडते आणि उंची लिहून ठेवते. चार नंबरची पानं मी तिच्यापुढे अभिमानानेच उघडली, कारण दोन वर्षांत ती पातळी केसभर उतरली नव्हती. तिचं बोट पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर गेलं.

"उतरली नाही," ती म्हणाली. "चढलीय."

"बोटभर. उन्हाने फुगतं ना इंधन."

"आत्या, हिवाळ्यातही चढलीय."

ते मला दिसलं होतं. मी नाही म्हणत नाही. महिन्याला अर्धा अर्धा मिलिमीटर, आणि मी त्यापुढे लाल शाईने 'ठीक' लिहीत गेले होते. मनात तर एकदा विनोदही केला होता की आमचं राखीव इतकं राखलेलं आहे की आपोआप वाढतं.

पाणी ओळखायची एक पेस्ट असते. काठीच्या टोकाला लावून तळापर्यंत सोडायची, जितकं पाणी असेल तितकी लाल होते. एक, दोन, तीन नंबरला मी ती दर आठवड्याला लावते. चार नंबरला कधीच लावली नाही. जी टाकी भरत नाही, रिकामी होत नाही, तिच्यात पाणी कुठून येणार? आता लावली. काठी वर आली तेव्हा खालची चार बोटं लालभडक होती.

"वर बोटभर वाढ आणि खाली चार बोटं, असं कसं?" माझ्या तोंडून निघालं.

"आडवी गोल टाकी आहे," भाची म्हणाली. "पोट रुंद, तळ निमुळता. पोटाशी जे बोटभर दिसतं ते तळाला चार बोटं होतं."

मला हे कळायला हवं होतं. कुठल्या उंचीला किती लिटर, हा टाकीच्या पोटाचा तक्ता सत्तावीस वर्षं माझ्या डोक्यावर भिंतीला टांगलेला आहे. तरी त्या क्षणी मला आधी गंमत वाटली आणि मग लाज, आणि दोन्ही खरंच वाटलं.

मग आम्ही पाण्याची वाट शोधायला लागलो. हवा जायचा पाइप कोरडा होता. मोठ्या झाकणाचं सील सकाळी तोडेपर्यंत शाबूत होतं, खालचा रबर नव्यासारखा. भरायचं तोंड कुलुपात. तासभर आम्ही त्या आवारात गुडघ्यांवर रांगत होतो. साहेब खिडकीतून बघत होते. त्यांना वाटलं असेल, अंगठी हरवली.

शेवटी राहिलं मोजकाठी सोडायच्या नळीचं छोटं झाकण. हातभर खोल खड्ड्यात, वाटीएवढं. भाचीने ते फिरवून काढलं आणि उलटं केलं. आतल्या रबरी वायसरचे तुकडे तिच्या तळहातावर पडले, भाजलेल्या पापुद्र्यासारखे.

"हे कधी बदललं होतं?"

"दरवर्षी तपासणीला बदलतात. म्हणजे एक, दोन, तीनचं. चार नंबरला सील असतं, ती तपासणीत येत नाही."

"आणि हे झाकण कितीदा उघडतेस?"

"रोज."

"राखीव टाकीचं? का?"

"बघायला," मी म्हणाले.

त्याच वेळी पलीकडे गाडी धुवायच्या उतारावर कोणीतरी नळी सोडली. साबणाचं पाणी नेहमीच्या वाटेने वाहत आलं, फरशीच्या फटीतून वळलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या छोट्या खड्ड्यात साचलं. रोज सकाळी सातला मी तो खड्डा फडक्याने पुसून झाकण उघडते. आठला गाड्या धुतात. मी ते झाकण सातशे वेळा उघडलं होतं आणि सातशे वेळा काळजीने घट्ट लावलं होतं, आणि त्या उघडझाकीनेच त्याचं वायसर झिजलं होतं. हात लावायचा नाही असं मीच लिहिलं होतं. हात फक्त माझा लागला होता.

मी तिथेच पायरीवर बसले. भाची शेजारी बसली.

"आपलं इंधन इतकं नाजूक आहे हे तू मला सांगितलं नव्हतंस," मी म्हणाले. भांडायला काहीतरी हवं होतं.

"कागद दिला होता, आत्या. पहिल्या दिवशी."

दिला होता. चार वाजता मी माझ्या खोलीत गेले आणि तो शोधला. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली तो चौपदरी घडी करून घातलेला होता. उलगडून वाचला. 'सहा महिन्यांच्या आत वापरावे. पाण्यापासून जपावे. साठा फिरता ठेवावा.' हे मी तेव्हाही वाचलं होतं. वाचून म्हणाले होते की हे चालत्या टाक्यांसाठी, राखीव म्हणजे राखीव. आणि कागद जाड होता, पायाला बरोबर बसला.

साहेब अहवाल घेऊन आले. चांगला माणूस आहे. त्यांनी तीन ओळी लिहून आणल्या होत्या: 'बायोडिझेल टिकाऊ नसल्याने राखीव साठा खराब झाला. यापुढे ते घेऊ नये.' खाली माझ्या सहीची जागा.

"निवृत्तीला तुमचे आठच महिने राहिलेत, बाई," ते म्हणाले. "कशाला उगाच. हे खोटंही नाही. पूर्वीसारखं नुसतं डिझेल असतं तर हे झालं नसतं."

खरंच खोटं नव्हतं ते. म्हणून तर अवघड होतं. मी सही केली असती तर कोणी मला एक शब्द विचारला नसता. फक्त भाचीचा कारखाना बंद झाला असता. तिने गेली पाच वर्षं एकेका खाणावळीच्या मागच्या दारी उभं राहून, तेल गटारात ओतू नका, आम्हाला द्या, असं सांगत तो उभा केला होता. आणि आम्ही पुन्हा सगळेच्या सगळे त्या जहाजाकडे डोळे लावून बसलो असतो.

दारात भाची उभी होती. तिने कागद वाचला. "तू काय लिहायचं ते तू ठरव, आत्या," ती म्हणाली. "पण दहा दिवसांचं मी आता सांगते. तळाचं पाणी आणि घाण उपसून टाकू. वरचं तीनदा गाळू. नुसतं चालणार नाही, आंबटपणा वाढलाय, पण ताज्यात निम्मंनिम्म मिसळलं तर मला वाटतं चालेल. आमच्याकडून रोज दीड हजार लिटर ताजं येईल. शहर काही तळायचं थांबलेलं नाही."

"जहाज अडलं तरी?" साहेबांनी विचारलं.

"तेलाचं इंधन करायला आम्हालाही मिथेनॉल लागतं, आणि ते त्याच बंदरातून येतं. नऊ दिवसांचं आहे. पुढचं माहीत नाही."

तिने 'माहीत नाही' इतकं सहज म्हटलं, जसं कोणी 'पाणी दे' म्हणतं. मला तिचा हेवा वाटला.

मी साहेबांचा कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. टेबल डगमगत होतं, कारण पायाखालचा कागद माझ्या मांडीवर होता, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं. लिहिलं: 'इंधनाचा दोष नाही. टाकीप्रमुखाने साठ्याची उंची मोजली, वय मोजलं नाही. पाणी तपासलं नाही. सूचना लेखी मिळाली होती, ती पाळली नाही. सोमवारी सांगितलेला तेरा दिवसांचा आकडा चुकीचा होता.' आणि सही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे पाठवलं तर किल्ल्या तुमच्याकडे राहणार नाहीत."

"दहा दिवस ठेवा," मी म्हणाले. "उपसायला माणूस लागेल. मग घ्या."

ते दहा दिवस मी डेपोत सगळ्यात जास्त बोलले. उपसा, गाळण, मिसळण; प्रत्येक वेळी बरणी उन्हात ठेवून बघायचं. आचारीकाका रोज येऊन वास घ्यायचे आणि भाचीच्या आंबटपणा मोजायच्या यंत्राच्या आधी निकाल द्यायचे. दोनदा दोघांचं जमलं नाही, दोन्ही वेळा यंत्र बरोबर निघालं, आणि काका दोन्ही वेळा म्हणाले की यंत्राला सर्दी झाली असेल. काही फेऱ्या कमी करायला लागल्या. सातव्या दिवशी दोन गाड्यांचे फिल्टर पुन्हा भरले आणि मला जेवण गेलं नाही. पण बारा नंबर रोज टेकडी चढली. तेराव्या दिवशी पहिला टँकर फाटकातून आत आला तेव्हा पहिल्या तिघींच्या तळाशी अजून दोन बोटं इंधन होतं, आणि काठी लाल नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता किल्ल्या घ्यायला धुलाई विभागाचा मुकादम आला. त्याच्या साबणाचंच पाणी माझ्या टाकीत गेलं होतं, त्यामुळे तो जरा अंग चोरून उभा होता. भिंतीवरची माझी लाल ओळ मी आदल्या संध्याकाळीच पुसून काढली होती. डाग राहिला. त्यावर काय लिहायचं ते त्याने ठरवावं.

मी किल्ल्या दिल्या, मोजकाठी दिली, नवीन वायसरची पुडी दिली, पेस्टची डबी दिली. त्याने वही उघडली, पेन काढलं, आणि वर न बघता विचारलं, "बाई, चार नंबरमध्ये आज किती?"

आकडा माझ्या जिभेवर आला होता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "चल, बघू."